रविवारी येशील तर

रविवारी येशील तर सातलाच ये.
गवत ओलं असतं, जुने बूट घाल.
कृषी महाविद्यालयाच्या मागच्या फाटकाने आत,
टेम्पोंच्या रांगेतून, पिंजऱ्यांतल्या श्वासांमधून.
घडीची खुर्ची आण. तिथे मिसळ मिळते, खुर्ची मिळत नाही.
आणि विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर हात ठेवू नकोस,
दोन तास विंचरलेलं असतं ते डोकं.

पहिलं रिंगण रूपाचं.
तिथे कुत्रा काही करत नाही, नुसता असतो.
त्याचं ते असणं
बंगळूरहून आलेले एक गृहस्थ तपासतात:
ओठ उचलून दात मोजतात,
खांद्यापासून शेपटीपर्यंत बोटं नेतात,
लक्ष्मी रोडवर पातळाचा पोत बघावा तशी.
मग म्हणतात, पळवा.
कुत्रा देखणा पळतो.
माणूस धापा टाकतो, त्याच्या कोटाच्या खिशातून
उकडलेल्या कलेजीचा तुकडा पडतो.

निकाल बोटाने. हा एक, तो दोन.
का, ते सांगत नाहीत.
दौंडकडच्या बिरू मासाळांनी एकदा विचारलं होतं.
त्यांची कारवान, कंबर मुठीत मावेल अशी,
कानाला मात्र जुना चिरा.
साहेब म्हणाले, कान.
मासाळ म्हणाले, तारंपल्याड ससा व्हता, साहेब.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं असेल, हे मी अजून शोधते,
संचेतीच्या सिग्नलला, मेथी निवडताना.

कामाची परीक्षा दुपारी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.
गर्दी नाही. एक तंबू, एक शिट्टी, ऊन.
गवतावर सहा फडकी,
एकाला माझ्या तळहाताचा घाम.
माझी गुंजी तेच उचलते, दरवेळी.
यात माझं श्रेय शून्य,
मला सहाही सारखीच दिसतात.

खरी गोष्ट त्यानंतर.
कुत्र्यांना ओळीत बसवायचं, म्हणायचं, थांब.
आणि निघून जायचं. पाच मिनिटं.
पाण्याच्या टँकरमागे, त्यांना दिसणार नाही असं.

टँकरमागे आम्ही सात जण.
श्वानपथकातून निवृत्त झालेले सोनटक्के हवालदार,
दहावीतली ऋता, वाघोलीचे डॉक्टर पटवा,
बाकीच्यांची नावं मला त्यांच्या कुत्र्यांवरूनच ठाऊक.
प्रत्येकाच्या हातात रिकामा पट्टा.
टँकर ठिबकतो.
डॉक्टरांचा फोन थरथरतो, ते घेत नाहीत.
सोनटक्के खिशातून कुत्र्याचं बिस्कीट काढतात,
बोटांत फिरवतात,
आणि स्वतःच्याच तोंडात टाकतात.
चावतात. कुणी हसत नाही.
मी मुलाखतींना थांबले आहे,
ऑपरेशनच्या दाराबाहेर थांबले आहे.
तिथे निदान बाकं असतात.

मग पुकारा: चौदा नंबर!
म्हणजे तुमचा उठला.
चौदा मी.

बाहेर येताना (लाज वाटते सांगायला)
मला वाटलं, ती मला शोधत असेल,
नाक वर, डोळे कावरेबावरे.
गवतावर सहा कुत्रे, नंदी बसवल्यासारखे.
सातव्या जागी नुसतं दबलेलं गवत.
गुंजी परीक्षकांच्या टेबलाखाली,
सावलीत, त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून
गाढ.

सकाळचेच ते गृहस्थ.
शून्य दिलं त्यांनी, खाडाखोड न करता.
पण पाय हलवला नाही.
उरलेलं दीड मिनिट
वही दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, वाकडे होऊन
लिहीत राहिले.

तर ये रविवारी. पाणी जास्तीचं आण.
रूपाचं रिंगण बघून कंटाळलास
तर टँकरमागे ये, तिथे जागा असते.
बोलू नकोस फक्त.
आणि सोनटक्क्यांनी बिस्कीट पुढे केलं
तर घे.